कच्चा हिरवा

९ जानेवारी

बाबा,

नमस्कार उभ्यानेच घ्या. मी हे जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या टेबलावर लिहितेय, वाकले तर कोपर लागून चार बाटल्या फुटतील.

तुमचं कार्ड मिळालं. साडेपाच ओळी! त्यातल्या तीन तुमच्या तळ्यावरच्या माशांना, दीड हवेला, आणि मुलीच्या वाट्याला काय, तर 'बाकी ठीक'. हे 'बाकी ठीक' तुमच्याकडून एकदा जप्त करायला हवं. त्या बाकीतच तर सगळं असतं. गुडघा कसा आहे? चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली आहे का? जेवता काय? आई असती तर तिने ही सगळी माहिती कळवली असती. ती गेल्यापासून मला तुमची बातमी माशांच्या बातमीतून गाळून काढावी लागते.

आता मुद्द्याचं, आणि कानाडोळा करायचा नाही. पूर्वेकडची खोली रिकामी केलीय. तुमच्या जावयांनी स्वतः रंग दिला, ओघळ आलेत, तुम्ही बघून नाक मुरडाल. मुरडा, पण येऊन मुरडा. दाराच्या आत खुंटी ठोकून घेतलीय, म्हणजे शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकायला तुम्हाला निमित्त उरणार नाही. नऊ वर्षं आम्ही त्या खोलीला 'बाबांची खोली' म्हणतोय आणि बाबा एकदाही तिथे झोपलेले नाहीत. शेजारीण परवा विचारत होती, तुमचे बाबा खरंच आहेत ना? मी म्हटलं, आहेत हो, कार्डावर असतात.

इथलं काम तेच. माशांचे डबे येतात, वरचा कागद खरवडलेला, फक्त आकडा लिहिलेला. डबा कोणाचा ते आम्हाला कळू नये म्हणून तसं करतात. मग डबा उघडा, तेल निथळा, मासा मिक्सरमधून काढा, धुवा, गाळा, आटवा. दिवसभर खपून शेवटी चमचाभर पाण्यासारखं काहीतरी उरतं, ते यंत्राला पाजायचं आणि ते काय बोलतं त्याची वाट बघत बसायचं. हातमोजे असतात, तरी वास हातांत मुरतोच. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई दोन थांब्यांत उठून दुसरीकडे जाते. पहिल्यांदा फार लागलं मनाला. आता मी खिडकीची जागा मिळते म्हणून खूश असते.

या आठवड्यात ४१७ नंबरच्या डब्यात नको ते सापडलंय. रंगाचं आहे, इतकंच सांगते. जास्त सांगता येत नाही, तशी सही करून दिलीय. पण यंत्राच्या कागदावर ती रेघ उभी राहिली तेव्हा मला एकदम तुमची आठवण आली. तुम्ही समोर असतात तर का ते कानात सांगितलं असतं.

कधी येताय? तारीख लिहा. 'बघू' लिहिलंत तर पत्र परत पाठवेन.

तुमची भिंगरी

—

२० जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे लिहायला नकोत.

गुडघा आहे तिथेच आहे. चष्म्याला दोरा नाही, आता तार लावलीय, म्हणजे बढती झाली म्हण. जेवतो झकास. रोज हौदातला एक मासा माझ्या ताटात, मालकांची तशी परवानगीच आहे. झालं समाधान?

माशाच्या डब्यात रंग म्हणतेस? लाल करत असतील, ताजे दिसावेत म्हणून. काय लबाड लोक असतात एकेक! चांगलं पकड त्यांना, सोडू नकोस. रंगाऱ्याच्या पोरीपुढे रंग लपवायला निघालेत, कमालच म्हणायची.

आता माझी बातमी. ती माशांचीच आहे, पण या वेळी तिच्यात तुझा बाप आहे, तेव्हा नीट वाच.

पावसाळा सरला आणि पिल्लांच्या हौदात रोग आला. माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी. रोज सकाळी जाळी भरून मेलेले काढायचो. मालक डोक्याला हात लावून बसले, त्यांच्या बायकोने तर तळीच विकून टाका म्हणून धोशा लावला. तेव्हा मला आठवलं, आपल्या रंगकारखान्यात पूर्वी तळीवाले यायचे बघ, चिमूटभर हिरवा द्या म्हणून. तू दारात गोट्या खेळत असायचीस. कारखाना बंद झाला त्या दिवशी मी त्या हिरव्याचं एक लहान पिंप आठवण म्हणून उचलून आणलं होतं. तुझी आई ओरडली होती, लोक घड्याळ आणतात, तुम्ही पूड आणली! ते पिंप खाटेखाली होतं. उघडलं तर पूड अजून तशीच, सोनेरी चमक मारणारी.

काडीच्या टोकावर मावेल एवढी घेतली, हौदात सोडली. अगं, काय पाणी झालं! मालक घाबरले, म्हणाले मासे हिरवे होतील, कोण घेणार? मी म्हटलं, चार दिवस थांबा. हा आपला कच्चा हिरवा आहे. रेशमावर चढवला की बघणारा हरखून जायचा, आणि दोन उन्हाळे गेले की कापड कोऱ्याचं कोरं. जन्मभर या रंगाने मला गिऱ्हाइकांच्या शिव्या खायला लावल्या. आणि तसंच झालं बघ. चौथ्या दिवशी पाणी नितळ, मासा चांदीसारखा, बुरशी गायब. मी हौदाच्या काठावर बसून एकटाच हसलो. म्हटलं, लेका, जन्मात पहिल्यांदा तुझा कच्चेपणा कामी आला. मग महिन्यातून दोनदा तसाच डोस देत राहिलो. एक मासा दगावलेला नाही. मालक आता मला 'डॉक्टर' म्हणतात.

या महिनाअखेर हे मासे उचलायचे, मग ते डब्यांच्या कारखान्यात जातील. तीन हजार डबे तरी होतील. मालकांनी त्यातले सहा मला देऊ केलेत. ते तुझ्यासाठी.

यायचं म्हणतेस, तर मासे उचलल्यावर बघू. (पाठव परत!) खरं सांगू? हात परत कोपरापर्यंत हिरवे झालेत. पाण्यातला जातो, मासळीवरचा जातो, माझ्या कातडीवरचा तेवढा जात नाही. अशा हातांनी तुझ्या पांढऱ्या भिंतींच्या घरात कुठे येऊ? खाली कागदावर अंगठा उठलाय तोही त्याचाच, माफ कर. दुसरा कागद घरात नाही.

बाबा

—

२४ जानेवारी

बाबा,

घाईत आहे.

पिंपाला झाकण लावून ठेवा. ती पूड आता वापरू नका. फेकूनही देऊ नका, कुणाला देऊ नका. मासे उचलायचं थोडं पुढे ढकलता येईल का ते मालकांना विचारा. कारण विचारू नका, आत्ता सांगता येत नाही.

हौदातला मासा खाऊ नका. एवढं माझं ऐकाच.

भिंगरी

—

५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाचच ओळी होत्या, वेळ लागला नाही.

मासे उचलले, परवाच. तुझं पत्र आलं तेव्हा गाड्या दारात उभ्या होत्या. मालकांना विचारलं, कशासाठी थांबायचं म्हणाले. मलाच माहीत नाही तर काय सांगणार? मुलगी म्हणते म्हणून, असं सांगितलं. ते हसले.

पत्रात खोलीचं नाव नाही. कधी येताय, ते नाही. दर पत्रात असतं ते या वेळी का नाही, हे मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. मग उमगलं. मी हातांचं लिहिलं, ते लिहायला नको होतं.

आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. तू अकरा वर्षांची होतीस. शाळेत बक्षीस होतं तुला, पाढ्यांचं की शुद्धलेखनाचं. मी कारखान्यातल्या रंगाच्या हौदावरून तसाच धावत आलो, हात धुवायला थांबलो असतो तर तुझं नाव पुकारून झालं असतं. टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात वाजवल्या असतील. पुढच्या रांगेतल्या पोरी वळून बघायला लागल्या, मग एकीने दुसरीला दाखवलं, आणि सगळी रांग हसली. घरी येताना तू माझा हात धरला नाहीस. कोपऱ्यावर आल्यावर म्हणालीस, "बाबा, पुढच्या वेळी आईला पाठवा."

मी रागावलो नव्हतो. आजही नाही. तुझं बरोबर होतं. पुढच्या वेळी आईला पाठवलं. कॉलेजच्या समारंभाला आईला पाठवलं. तुझ्या लग्नात मी मागे स्वयंपाकाकडे बघत होतो, पुढे आई होती. तू नोकरीला लागलीस तेव्हा ऑफिस बघायला आईलाच पाठवलं. तिने येऊन सांगितलं, इतकं स्वच्छ आहे म्हणे, बोट लावायची भीती वाटते.

आता पाठवायला आईही नाही. म्हणून येणं होत नाही, इतकंच. त्यात माशांचं काही नसतं.

येऊ नका म्हणायचं असेल तर सरळ म्हण. आडून मासे खाऊ नका, पूड झाका, असं कशाला? बाप आहे मी तुझा, ऐकून घेईन.

बाबा

—

१ मार्च

बाबा,

तुमचं पत्र आल्यापासून तीन आठवडे मी तुम्हाला लिहिलं नाही. लिहायला बंदी होती, आणि ती मी पाळली. आता तपासणीवाले तुमच्याकडे येऊन गेले असतील, म्हणून लिहितेय. कोणी पाठवलं ते तुम्हाला कळलं असेल किंवा नसेल. मी पाठवलं.

आधी सगळं सरळ सांगते, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

तुमच्या वीस तारखेच्या पत्राचा कोपरा मी कापला. अंगठा उठला होता तो. कात्रीने कापला, बाटलीत घातला आणि आमच्या यंत्राला दिला. माझ्या वडलांचा अंगठा, बाबा. त्याच जागी रेघ उभी राहिली जिथे ४१७ ची राहिली होती. तो कोपरा नसलेलं पत्र माझ्या खणात आहे, आणि त्यात नेमकं 'बाबा' मधलं शेवटचं अक्षर अर्धं गेलंय.

तुमचा हिरवा कच्चा नाही. माशाच्या अंगात शिरला की त्याचा रंग जातो, तो जात नाही. चरबीत जाऊन बसतो, बिनरंगाचा, महिनोन् महिने. पाणी नितळ दिसतं, मासा चांदीसारखा दिसतो, कुणाच्या बापालाही पत्ता लागत नाही. शिजवला, तेलात घातला, डबा बंद केला तरी तो आतच असतो. आमच्या यंत्रात एक बारीक नळी असते, तिच्यात औषध भरलेलं. तिच्यातून गेला की तो परत हिरवा होतो, आणि तेव्हा सापडतो. खाण्याच्या मासळीला तो लावायला बंदी आहे, कारण तो पोटात साठत गेला तर गाठी होतात अशी शंका आहे. तुम्हाला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं, हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलंय.

तुमचं पाच तारखेचं पत्र आलं, मासे गेले हे त्यात वाचलं, आणि मी उठून आमच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. चोवीस तारखेलाच जायला हवं होतं. पुरते पंधरा दिवस मी स्वतःला सांगत होते की मासे अजून हौदात आहेत. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत घरी एक अक्षर लिहायचं नाही, जमेल का? मी हो म्हटलं. बाबा, मी हो म्हटलं.

आणि ऐका, हे मला फार सलतंय. काल बाईंनी सांगितलं, ४१७ तुमच्या तळ्याचा नव्हताच. कुठल्या तरी दुसऱ्याच तळ्याचा. म्हणजे मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, तुमचे तीन हजार डबे लोकांच्या घरी गेले असते, आणि तुम्ही 'डॉक्टर'च राहिला असतात. मी हे माहीत असतं तरी गेले असते का? गेले असते असं वाटतं. पण पायरी चढताना पाय फार जड झाले असते.

आता शाळेचं.

मी ते म्हणाले होते. आठवत नाही असं खोटं नाही सांगणार, कोपरा आठवतो, विजेचा खांब आठवतो. पण तुम्हाला पुढचं माहीत नाही. पुढच्या वर्षी परत बक्षीस मिळालं, आणि मी स्टेजवरून आईच्या शेजारची खुर्ची बघत राहिले. इतकी बघत राहिले की बक्षीस घ्यायला हात पुढे करायचा राहिला, शाळेतल्या बाईंनी माझा हात धरून त्यात पुस्तक ठेवलं. मग दर वेळी तसंच. लग्नात मी दोनदा स्वयंपाकघराकडे निघाले होते, बायकांनी मला धरून परत बसवलं. मला वाटायचं तुम्ही विसरलात, तुम्हाला गर्दी आवडत नाही म्हणून येत नाही. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर! तीस वर्षं, बाबा. खोली नऊ वर्षांची आहे, पण वाट मी तीस वर्षं बघतेय.

रागावा. शिव्या घाला. पण लिहा.

आणि डॉक्टरकडे जा. हिवाळाभर रोज एक मासा खाल्लात तुम्ही.

तुमची भिंगरी

—

२० मार्च

बाबा,

रोज जिन्यात टपाल बघते. विजेचं बिल येतं, शेजारणीचं मासिक येतं, एकदा तर चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबांचं पत्र आलं. मी ते पाकीट उगाच दोन मिनिटं हातात धरून उभी राहिले, मग नेऊन दिलं.

तळ्यावर माणूस पाठवून चौकशी केली. म्हणाले, खोली रिकामी आहे, रंगारी गेला. कुठे गेला ते माहीत नाही म्हणाले.

इथेही एक रिकामी खोली आहे.

कार्ड टाका. साडेपाच ओळी चालतील. 'बाकी ठीक' लिहिलंत तरी चालेल.

भिंगरी

—

२ एप्रिल

भिंगरे,

तुझी दोन्ही पत्रं जुन्या पत्त्यावर पडून होती, पोस्टमनने शोधून आणून दिली. सध्या डब्यांच्या कारखान्याच्या चौकीदाराकडे आहे, भला माणूस आहे, घोरतो फक्त. उशीर झाला त्यातला निम्मा पोस्टाचा, निम्मा माझा.

आता काय झालं ते क्रमाने. बावीस फेब्रुवारीला दोन माणसं आणि एक बाई आली. हौदातलं पाणी घेतलं, पिल्लं घेतली, मालकांना विचारलं, पाण्यात काय घालता? मालकांनी हात वर केले. काही घालत नाही म्हणाले, आम्हाला ठाऊक नाही, कुणी वैऱ्याने टाकलं असेल. मी पाठीमागे जाळी धुवत होतो. मग मीही हात वर केले. माझे हिरवे होते. ती बाई बघतच राहिली. माणसाला रंगेहाथ पकडणं म्हणतात ते इतकं खरं कधी झालं नसेल. मी म्हटलं, बाई, मालकांनी फक्त बघितलं, घातलं मी. खाटेखालून पिंप काढून समोर ठेवलं. तू झाकण लावून ठेवायला सांगितलं होतंस, लावलेलं होतं.

कुणी पाठवलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या बाईने माझ्या अंगठ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून कळलं. मला राग आला का? आला. चांगला आठवडाभर. मग डबे कारखान्यात परत आले. गाड्याच्या गाड्या, तीन हजारांहून जास्त. खड्डा खणून, चुना टाकून पुरायचे होते. मी म्हटलं, मी पुरतो. चार दिवस लागले. एकेक डबा हातातून जाताना विचार यायचा, हा कुणाच्या घरी उघडला असता? शेवटी माझी ती सहा डब्यांची पेटी राहिली. तिच्यावर मी तुझं नाव लिहून ठेवलं होतं. मग राग राहिला नाही.

राहिली ती लाज, आणि ती तुझ्यामुळे नाही. अगं, चाळीस वर्षं मी रंगारी. बोटाने चोळून, जिभेवर ठेवून रंग ओळखणारा. कापडावरून उडाला की मी 'गेला' म्हणायचो आणि वही मिटायचो. तो कुठे गेला हे मी एकदाही विचारलं नाही. जन्मभर ज्याला कच्चा म्हणून हिणवला, तो सगळ्यांत पक्का निघाला. तुमच्या त्या नळीत औषध कोणतं असतं ते मला सांग. ऑफिसचं गुपित असेल तर नको सांगू, पण झोप लागत नाही.

डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने रक्त काढलं. लाल होतं, मी स्वतः पाहिलं. सध्या काही नाही म्हणाला, सहा महिन्यांनी परत ये म्हणाला.

तुझं ते खुर्चीचं वाचलं. चौकीदाराने विचारलं, पत्र वाईट आहे का? मी म्हटलं, नाही, चष्म्याची तार टोचली.

ते पिंप तुमच्या प्रयोगशाळेत जमा करायचंय, माझ्या जबाबावर सहीही हवीय, असा कागद आलाय. टपालाने पाठवता येत नाही, माणूस लागतो. तू काळजी करू नकोस, मी परस्पर देऊन निघून जाईन. तिथे कुणाला सांगायची गरज नाही की हा तुझा बाप. हातमोजे घेतलेत विकत, पांढरे. तुमच्याकडे सगळेच घालतात, म्हणजे मी उठून दिसणार नाही.

बाबा

—

११ एप्रिल
(फाटकावरून, दारावरच्या काकांच्या हाती)

भिंगरे,

पिंप दिलं. सही केली. मोठ्या बाई स्वतः खाली आल्या होत्या, चांगल्या आहेत. त्यांना माझं नाव कागदावरून कळलंच असणार, त्यांनी चहा मागवला.

काम झालं. परतीची बस एक वाजता आहे. या काकांनी विचारलं, आणखी कुणाला भेटायचंय का? मी नाही म्हटलं आणि बाहेर पडलो. रस्ता ओलांडला. मग परत आलो. आता त्यांच्या खुर्चीवर बसून हे त्यांच्याच पेनने लिहितोय.

इमारत खरंच फार स्वच्छ आहे. मी कशाला हात लावलेला नाही. हातमोजे घातलेत.

सोबत पिशवी आहे. शर्ट दोनच आहेत, खुंटी एक पुरेल.

वर यायचं की इथूनच जायचं, ते सांग. पाठवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच आलोय.

बाबा

—

(त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला)

बाबा,

हातात उघडा डबा आहे, अर्ध्यात सोडता येत नाही. दहा मिनिटं. काकांना सांगितलंय, तुम्ही उठलात तर फाटकाला कुलूप लावा.

मीच खाली येतेय. आधी वर येऊन सगळ्यांना भेटायचं, मग घरी. बसने जाऊ, शेजारी मीच बसेन.

मोजे काढून ठेवा. माझ्याही हातांना वास येतोय, चालवून घ्या.

भिंगरी